दुधाळ सीरम, निर्मळ आकडा

सेंट्रीफ्यूज थांबला की ट्यूबमध्ये खाली लाल गठ्ठा आणि वर पिवळसर, आरपार दिसणारं सीरम असावं अशी अपेक्षा असते. कधी वरचा भाग पांढरा निघतो. ट्यूबमागं छापील कागद धरला तर अक्षर लागत नाही. लॅबवाले याला ‘लायपेमिक सॅम्पल’ म्हणतात. ट्रायग्लिसराइड्स दर डेसिलिटरला साधारण 300 मिलिग्रॅमच्या पुढं गेली की गढूळपणा नुसत्या डोळ्यांना जाणवू लागतो; हजार ओलांडली की सीरम सरळ दुधाळ दिसतं. अशा रक्ताच्या तपासण्या बिघडतात, हे जुनं दुखणं आहे. त्यावर उपाय म्हणून गढूळपणा कापणारी रिएजंट किटं बाजारात मिळतात. ती घेतली म्हणजे काम झालं का, यावर दोन मतं आहेत, आणि ती एकाच घरात नांदू शकतात.

पुढचे मामा-भाची मी बेतलेले आहेत. वाईच्या गणपती आळीत त्यांची लॅब शोधायला जाऊ नका. मामा डीएमएलटी, कलरीमीटरच्या जमान्यापासून लॅब चालवणारे. भाची बायोकेमिस्ट्रीची एमडी, पुण्यात मोठ्या लॅबमध्ये नोकरीला, चार दिवस आजोळी आलेली. जोर खोऱ्यातनं सकाळच्या एसटीनं आलेल्या, चाळिशीही न गाठलेल्या एका माणसाची ट्यूब दोघांच्या मध्ये आहे.

मामा : हे बघ. डॉक्टरांनी साखर, लिपिड प्रोफाइल, एसजीपीटी, क्रिएटिनिन, सीबीसी, सोडियम-पोटॅशियम एवढं लिहिलंय, आणि सीरम हे असं. बरं झालं, परवाच एकजण नवीन किट ठेवून गेलाय. लिपिड क्लिअरिंग फॅक्टरवालं. नेहमीच्या किटापेक्षा महाग आहे, पण असलं सॅम्पल आलं की पैसे वसूल.

भाची : ते किट नक्की काय करतं, हे सांगितलं त्यानं?

मामा : त्यानं कशाला सांगायला पाहिजे? सर्फॅक्टंट असतं त्यात. चरबीचे कण फोडून विरघळवतं. क्युव्हेट स्वच्छ, प्रकाश आरपार, आकडा बरोबर.

भाची : प्रकाशापुरतं खरं आहे. पसरणीच्या घाटात धुकं उतरलं की गाडीचा दिवा पुढं जायच्या ऐवजी चौफेर फाकतो, तसं ह्या कणांमुळं होतं. मशीनपर्यंत प्रकाश कमी पोचतो आणि मशीन समजतं, रंग जास्त आलाय. तरंगलांबी जितकी कमी तितका हा घोळ मोठा. अल्ब्युमिन 630 नॅनोमीटरच्या आसपास वाचतात, त्याला त्रास कमी. तुमचं एसजीपीटी 340 वर, म्हणजे सगळ्यात वाईट जागी.

मामा : म्हणूनच म्हणतोय, घ्यावं.

भाची : किटातला कागद वाचलात? ‘ट्रायग्लिसराइड अमुक मिलिग्रॅमपर्यंत अडथळा नाही’ असं असतं त्यावर. ती मर्यादा बऱ्याचदा इंट्रालिपिड मिसळून काढलेली असते. सोयाबीन तेलाचं पांढरं इमल्शन, पेशंटला शिरेतून देतात ते. त्यातले कण वेगळे आणि ह्या माणसाच्या रक्तातले कायलोमायक्रॉन, व्हीएलडीएल वेगळे. तेलावर पास झालेलं किट ह्या ट्यूबवर पास होईलच असं नाही.

मामा : आम्ही कलरीमीटरवर होतो तेव्हा असलं कुठलं किट होतं? गढूळ सॅम्पल आलं की सीरम ब्लँक लावायचो. सलाइनमध्ये तेवढंच सीरम घालून वाचायचं आणि वजा करायचं. साखर चोख यायची.

भाची : आजही तोच सगळ्यात स्वस्त उपाय आहे. फक्त नवीन किट आणि तो ब्लँक एकत्र लावू नका. सलाइनमधलं सीरम गढूळच राहणार, किटातलं स्वच्छ होणार. किटात नसलेला गढूळपणा तुम्ही वजा कराल आणि साखर खोटी कमी येईल.

किट विकणारा हे सांगत नाही. त्याला ठाऊक असेलच असंही नाही. मामांनी मात्र हे लगेच पकडलं, कारण ब्लँक म्हणजे काय हे त्यांनी हातानं शिकलेलं आहे. बटण दाबून शिकलेल्या पोराला हीच गोष्ट समजवायला अर्धा तास जातो.

मामा : मान्य. पण एसजीपीटीला ब्लँक लागतच नाही. कायनेटिक आहे ते. मिनिटामिनिटाला अ‍ॅब्सॉर्बन्स किती उतरतो तेवढंच मोजायचं. गढूळपणा सुरुवातीला जेवढा, शेवटी तेवढाच.

भाची : तेवढाच राहिला तर. वाचन चालू असतानाच चरबी हळूहळू विरघळत राहिली, तर तिच्यामुळंही अ‍ॅब्सॉर्बन्स उतरणार. मशीन तो उतार एन्झाइमच्या खात्यात टाकणार. लिव्हर ठीक असलेल्या माणसाच्या हातात वाढलेलं एसजीपीटी.

मामा : तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस. बरं, ट्रायग्लिसराइड सांग. ते तर लावावंच लागेल.

भाची : ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लावाल. किट हजारापर्यंत लिनिअर असतं. हे नक्की त्याच्या पुढं आहे. लायपेज चरबी तोडणार, मग ग्लिसरॉलवर एकामागून एक एन्झाइमं, शेवटी पेरॉक्सिडेजनं गुलाबी रंग. रिएजंटमधला माल संपला की रंग वाढायचा थांबतो आणि 3,000 चा माणूस 1,200 वर दिसतो. म्हणून आधी सलाइननं पातळ करायचं, एकास चार घालून, आणि आलेल्या आकड्याला पाचानं गुणायचं. तरी पुढं गेलं तर आणखी पातळ.

मामा : आणि त्याच्याही आधी ट्यूब हलवून एकजीव करायची, हे राहिलं तुझं. वरच्या सायीतनं पिपेट भरलं तर एक आकडा, तळातनं भरलं तर दुसरा.

भाची : बरोबर. आमच्या ऑटोमॅटिक मशीनची सुई कुठल्या थरात बुडते हे कुणी बघत नाही.

मग गाडी एलडीएलवर आली. मामा आजवर ते वजाबाकीनं काढत आले: एकूण कोलेस्टेरॉल, त्यातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. हे फ्रीडेवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 1972 सालचं सूत्र. ट्रायग्लिसराइड 400 च्या पुढं असेल तर ते वापरायचं नाही, ही अट त्यांचीच. तरीही पुढची कित्येक वर्षं लॅबांनी अट विसरून सूत्र तेवढं लक्षात ठेवलं. दुधाळ सीरमवर ते लावलं तर एलडीएल शून्याच्या खालीसुद्धा जातं. तिथं मामा मुकाट्यानं रेघ मारतात.

मामा : वजाबाकी तरी कशातनं करायची? एचडीएलसाठी आम्ही फॉस्फोटंग्स्टिक आणि मॅग्नेशियमनं साका बसवायचो. असल्या सॅम्पलला तो बसतच नाही. अर्धा वर तरंगतो, वरचं पाणी गढूळ. तो सगळा ताप ह्या दोन बाटल्यांच्या डायरेक्ट किटानं गेला. इथं तरी रिएजंटला नावं ठेवू नकोस.

भाची : नाही ठेवत. किट म्हणून ते हुशारीचं आहे. पहिल्या बाटलीतली रसायनं नको असलेल्या कणांना झाकून टाकतात किंवा संपवून टाकतात, दुसरीतली एन्झाइमं हव्या त्या कणांतलंच कोलेस्टेरॉल मोजतात. साका नाही, फिरवणं नाही. पण 2010 मध्ये असल्या डायरेक्ट पद्धती अल्ट्रासेंट्रीफ्यूजशी ताडून बघितल्या. निरोगी माणसांच्या रक्तावर बहुतेक किटं ठरलेल्या चुकीच्या मर्यादेत बसली. आजारी माणसांच्या रक्तावर एकही बसलं नाही. कण नेहमीपेक्षा वेगळ्या घडणीचे असले की कुणाला झाकायचं आणि कुणाला मोजायचं, हे रिएजंट चुकतं. ज्याच्यासाठी ते किट जास्त लागतं, त्याच्यावरच ते डळमळतं.

मामा : ऐक आता माझं. ब्लँक चुकतो, कायनेटिक चुकतं, डायरेक्ट किट चुकतं. मग काय लिहू? ‘सॅम्पल गढूळ, पुन्हा द्या’? तुमच्याकडची मोठी लॅब तसं लिहून मोकळी होते. सॅम्पल नव्वद किलोमीटर जातं आणि एक ओळ परत येते. हा माणूस सरकारी दवाखान्यात गेला असता तर महालॅबमधनं फुकट झालं असतं त्याचं. इथं पैसे मोजून आलाय ते आज रिपोर्ट मिळतो म्हणून. उद्या परत बोलावला तर एक रोज बुडणार, एसटीचं भाडं वेगळं, आणि परवा तो येणारच नाही. तू म्हणशील बारा तास उपाशी येऊ दे. ज्याचं रक्त आजारानंच दुधाळ झालंय त्याचं उद्याही दुधाळच येणार. मग?

माझा कल एकूणात भाचीकडं आहे. पण इथं मामांचं म्हणणं खोडता येत नाही. ‘रिजेक्टेड’चा शिक्का मारणं हे अचूकतेचं काम वाटतं, पुष्कळदा तो कष्ट टाळण्याचा शिष्टसंमत मार्ग असतो.

भाची : शिक्का मारा असं मी म्हटलंच नाही. ज्या तपासण्या नीट करता येतात त्या करायच्या, ज्या येत नाहीत त्यांच्यापुढं कारण लिहायचं. आणि सगळ्यांना एकच औषध नाही, एवढंच म्हणते. रिएजंट फक्त क्युव्हेटमधला गढूळपणा काढतं. हा सीबीसी बघा. हिमोग्लोबिन 16.2, हिमॅटोक्रिट 39. तिनाच्या हिशेबात बसतं?

मामा : नाही बसत. हिमोग्लोबिन हिमॅटोक्रिटच्या तिसऱ्या भागाएवढं, तेराच्या आसपास पाहिजे. एमसीएचसी किती दाखवतंय?

भाची : 41.5. लाल पेशीत एवढं हिमोग्लोबिन मावत नाही. काउंटरनं प्लाझ्मातल्या चरबीचा गढूळपणा हिमोग्लोबिन म्हणून मोजलाय. हाच प्रकार एखाद्या अ‍ॅनिमिया असलेल्या बाईच्या सॅम्पलला झाला तर तिचा नऊचा आकडा बारा होऊन जाईल आणि गोळ्या सुरूच होणार नाहीत. तुमच्या नव्या किटाचा ह्या मशीनशी संबंध नाही.

मामा : ते मला करता येतं. ईडीटीएची ट्यूब फिरवायची, वरचा दुधाळ प्लाझ्मा मोजून काढायचा, तेवढंच डायल्युएंट घालायचं, हलवून परत लावायचं. प्लेटलेट मात्र त्यातनं घ्यायच्या नाहीत, त्या स्लाइडवर बघायच्या.

भाची : मग सोडियम.

मामा : सोडियम आलं 139. नॉर्मल.

भाची : हा आकडा आमच्या लॅबमध्ये 131 आला असता.

मामा : म्हणजे माझं मशीन चुकलं?

भाची : आमचं चुकलं असतं.

यातली गंमत थोडी सविस्तर सांगायला हवी. सोडियम सीरमच्या पाण्यात असतं, चरबीत नसतं. एरवी सीरमचा साधारण 93 टक्के भाग पाणी. ट्रायग्लिसराइड हजारोंच्या घरात गेलं की चरबी जागा अडवते आणि पाण्याचा वाटा समजा 87 टक्क्यांवर येतो. मोठ्या लॅबमधली बरीच मशीनं ठरावीक मापाचं सीरम घेऊन आधी पातळ करतात आणि मग इलेक्ट्रोडनं मोजतात. त्या मापात पाणीच कमी आलेलं असतं, म्हणून 140 चं सोडियम 131 दिसतं. पाण्यातलं प्रमाण जसंच्या तसं असतं. माणसाला काहीही झालेलं नसतं. हा आकडा खरा धरून कुणी तीव्र सलाइन चढवलं तर मात्र होईल. उलट तालुक्याच्या गावातलं छोटं इलेक्ट्रोलाइट मशीन सॅम्पल पातळ न करता थेट मोजतं, आणि चरबी कितीही असली तरी त्याचा आकडा हलत नाही. पुण्याच्या मोठ्या लॅबमध्येही अशा वेळी सॅम्पल ब्लड गॅसच्या मशीनवर परत लावतात. ते मशीनही थेटच मोजतं. गढूळपणा कापणारं कितीही भारी रिएजंट इथं कामाचं नाही, कारण चूक प्रकाशाची नसून मापाची आहे.

मामांचा चेहरा ह्यानंतर जरा फुलला. साहजिक आहे. 2017 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी असं म्हटल्यापासून मामांच्या लॅबच्या रिपोर्टवर सही दुसऱ्याची आणि हात मामांचे असा कारभार आहे. आपलं मशीन पुण्यापेक्षा बरोबर निघालं, हे त्यांना परत एकदा ऐकायचं होतं.

मामा : वेल्लोरच्या सीएमसीचं गुणवत्ता तपासायचं सॅम्पल दर महिन्याला लावतो मी. आकडे जुळतात.

भाची : त्यात तुमची लॅब चांगली आहे एवढं कळतं. पण ते सॅम्पल म्हणजे भुकटी, पाण्यात विरघळवून लावायची. असल्या दुधाळ रक्तावर तुमचा हात कसा चालतो, ह्याची परीक्षा तिच्यात होत नाही.

मामा : मग ही पण परीक्षा आता रोजच होणार बघ. तुमच्या डॉक्टर लोकांनीच उपाशीपोटीची अट काढली ना? 2024 मध्ये हृदयरोगतज्ज्ञांच्या सोसायटीनं लिपिड प्रोफाइल जेवून आलात तरी चालेल म्हटलं. उद्या बावधनच्या बगाडाला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी मटण जेवून थेट इथं येणार. असली किटं लागणारच.

भाची : नेहमीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरी 26 मिलिग्रॅम वाढतं, म्हणून तर ती अट सैल झाली. एखाद्याचं जास्त वाढेल, सीरम थोडं गढूळ होईल. पण हे असं होणार नाही. तुम्ही सगळे दुधाळ सॅम्पल बघितलं की ‘काल मटण झालं असेल’ म्हणता आणि मला तेच नको आहे. एका मटणाच्या ताटानं रक्त असं होत नाही. त्याच्या मागं बहुतेक वेळा काहीतरी असतं: हाताबाहेर गेलेली साखर, दारू, थायरॉइड, किडनी, स्टिरॉइडसारखी औषधं, नाहीतर घराण्यातच आलेला दोष.

मामा : साखर ह्याची लावलीय मघाशी, साध्या किटावर ब्लँक देऊन. 372.

भाची : घ्या. त्याला माहीत होतं?

मामा : नाही. अंग दुखतं म्हणून आला होता.

भाची : आता समजा पुढच्या वर्षी तुमच्याकडं सगळ्या टेस्टना क्लिअरिंगवालं किट आहे आणि ट्यूब तुमचा पोरगा भरतोय. आकडे स्वच्छ येतील. रिपोर्ट स्वच्छ जाईल. सीरम पांढरं होतं ही गोष्ट कागदावर कुठंच नसेल.

मामा : ट्रायग्लिसराइडचा आकडा असेल की.

भाची : लिहून दिलं असेल तर. डॉक्टरांनी नुसतं एसजीपीटी आणि क्रिएटिनिन लिहिलं असलं तर? पोटात कळ येऊन आलेला माणूस असेल आणि नुसतं अ‍ॅमिलेज लिहिलं असेल तर? ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढं गेलं की पॅनक्रियाजला सूज यायची भीती असते, आणि नेमकं अशाच रक्तात अ‍ॅमिलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं. सॅम्पल पातळ करून लावलं की खरा आकडा वर येतो. पण पातळ करून लावायचं हे सुचणार कुणाला? ज्यानं ट्यूब बघितली त्यालाच.

यावर मामांनी एक जुनी सवय सांगितली. पूर्वी असं सॅम्पल आलं की ते डॉक्टरांना फोन करायचे: साहेब, रक्त दुधासारखं आलंय. आणि उरलेली ट्यूब रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवायचे. सकाळी वर साय धरली आणि खालचं स्वच्छ झालं तर कायलोमायक्रॉन. सगळंच गढूळ राहिलं तर व्हीएलडीएल. एक पैसा खर्च नाही. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये फ्रेडरिकसन वगैरे मंडळींनी 1967 मध्ये लिपिडच्या विकारांचे पाच प्रकार पाडले तेव्हा ही फ्रिजची परीक्षा त्यांच्याही कामाला येत होती.

मामा : 2023 मध्ये आलं होतं ना पेपरात, देशात शंभरातल्या एक्याऐंशी लोकांना लिपिडचं काही ना काही आहे म्हणून? किट ठेवून गेलेला तेच सांगत होता.

भाची : आयसीएमआरच्या पाहणीत 81.2 टक्के होतं ते. त्यात मोठा वाटा कमी एचडीएलवाल्यांचा. त्यांचं सीरम तुमच्या-माझ्यासारखं स्वच्छ असतं, त्यांना क्लिअरिंग किट कशाला? त्या पैशात छोटं हाय-स्पीड सेंट्रीफ्यूज घ्या. तुमचं हे टेबलावरचं चरबी वर आणू शकत नाही. दीड मिलिलिटरची ट्यूब दहा हजार जी वर पंधरा मिनिटं फिरवली की चरबी वर येते, खालचं स्वच्छ सीरम काढून त्यावर साखर, क्रिएटिनिन, एसजीपीटी जुन्याच किटावर लावायचं. लिपिड तेवढं न फिरवलेल्या सीरमवर, पातळ करून.

मामा : आणि लाइट गेली की?

भाची : तेव्हा किटसुद्धा चालणार नाही, मामा.

मामा : बरं बरं. तोवर पुढचं ऐक. ट्रायग्लिसराइड पाचपट पातळ करून अजून मर्यादेबाहेर जातंय. दहापट करून लावतो. एलडीएलची जागा रिकामी ठेव. एसजीपीटी रोखून ठेवू, सांगून. रिपोर्टवर ती ओळ मराठीत लिही, इंग्रजीत लिहिलीस तर तो घडी घालून पिशवीत टाकील.

भाची : ‘रक्तात चरबीचं प्रमाण फार असल्याने सीरम दुधाळ होतं. हिमोग्लोबिन प्लाझ्मा बदलून मोजलं आहे. एसजीपीटी व एलडीएल या नमुन्यावर खात्रीने देता येत नाहीत.’ चालेल?

मामा : ‘फार’ नको. घाबरेल. आकडा लिही. आणि डॉक्टरांना मी फोन लावतो, त्याची एसटी दीडची आहे. त्याला म्हणावं चहा घे, पण साखर टाकू नकोस. त्या किटवाल्याला काय सांगू? एचडीएलचं डायरेक्ट घेऊ, ते स्वच्छ सॅम्पललाही कामाचं आहे. बाकीचं परत ने म्हणतो. तू सेंट्रीफ्यूजचं कोटेशन पुण्यातनं मागव, इथला डीलर दुप्पट सांगतो.